सोळाव्या अध्यायाचे पान

हे प्रभू येशू, आईचे पवित्र शास्त्र आज पुन्हा उघडले आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळावा. या पानाची कड मऊ पडली आहे आणि समासात पेन्सिलीच्या दोन खुणा आहेत. एक माझी, दुसरी माझ्या धाकट्या बहिणीची. दोन्ही लागोपाठच्या ओळींवर आहेत. त्यांच्यापायी आम्ही दोघी चार वर्षे एकमेकींशी बोललो नाही.

तुला सगळे ठाऊकच आहे. तरी मला सांगू दे, कारण आजवर मी हे तुझ्यापुढेही सरळ बोलले नाही. आम्हा दोघींचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. पुढे बहीण लग्न होऊन पुण्याला गेली, तिथल्या एका मंडळीत रमली, आणि एका रविवारी नदीच्या पाण्यात उभी राहून तिने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. फोनवर ते सांगताना तिचा आवाज आनंदाने भरून आला होता. मी म्हणाले, "म्हणजे आईबाबांनी तुला दिलं ते खोटं होतं का?" ती म्हणाली, "ताई, बाळाला विश्वास ठेवता येतो का?" सुटीत ती माहेरी आली तेव्हा हे पान उघडले गेले. फिलिप्पै शहरातला बंदिशाळेचा अधिकारी. भूकंपात दारे उघडली, कैदी पळाले असे समजून तो तलवार उपसून जीव द्यायला निघाला, कैदेतल्या पौलाने ओरडून त्याला थांबवले, आणि त्याच रात्री त्याचा व त्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. मी "सगळ्यांचा" या शब्दाशी खूण केली. घर म्हटले की लेकरेबाळे आलीच, असे माझे म्हणणे. तिने पुढच्या ओळीशी खूण केली, जिथे विश्वासाचा आणि आनंदाचा उल्लेख येतो. विश्वास आधी, मग पाणी, असे तिचे म्हणणे. त्या घरात तान्हे मूल होते की नव्हते हे लूकने लिहिलेले नाही. जिथे तो गप्प राहिला, नेमके तिथेच आम्ही दोघी बोलत सुटलो. संध्याकाळी ती न जेवता निघून गेली.

प्रभो, तुझ्या लोकांमध्ये असे आमच्याच घरी झाले असे नाही. मारबुर्गचा किल्ला तू पाहिला आहेस. १५२९ सालचा ऑक्टोबर. हेसचा संस्थानिक फिलिप, अजून पंचविशीही न गाठलेला, त्याने विटेनबर्गहून ल्यूथरला आणि झ्युरिकहून झ्विंग्लीला बोलावून घेतले. सुधारणेच्या बाजूचे लोक विखुरलेले राहिले तर सम्राटापुढे त्यांचा टिकाव लागणार नाही, हे त्या तरुणाला दिसत होते. ल्यूथर आणि झ्विंग्ली यांच्या वयात दोन महिन्यांचेही अंतर नव्हते. दोघेही तुझ्या वचनासाठी जिवावर उदार झालेले. आयुष्यात ते त्या एकदाच भेटले. वाद होता शेवटच्या भोजनाच्या वेळी तू भाकर हाती घेऊन 'हे माझे शरीर आहे' असे जे बोललास त्याचा, त्यातही एका लहानशा क्रियापदाचा. लॅटिनात 'एस्त', आमच्या मराठीत 'आहे'. ल्यूथरने बोलणी सुरू होण्याआधीच खडूने तुझे ते वाक्य मेजावर लिहिले आणि वर कापड पसरले. पुढे पुरावा मागितला गेला तेव्हा त्याने कापड उचलून त्या अक्षरांकडे बोट दाखवले. झ्विंग्ली म्हणत होता की इथे 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. योहानाच्या सहाव्या अध्यायात देहाचा उपयोग नाही असे तूच सांगितलेस, याकडे तो पुनःपुन्हा परत येत होता.

शेवटी पंधरा कलमे लिहून झाली. चौदांवर दोघांचे एकमत. पंधराव्या कलमातही भाकर आणि द्राक्षारस दोन्ही सर्वांना द्यावे इथपर्यंत एकमत. राहिला तो एकच मुद्दा, तुझे शरीर त्या भाकरीत कसे आहे हा. झ्विंग्लीच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. त्याने बंधू म्हणून हात पुढे केला आणि ल्यूथरने तो घेतला नाही. तुमचा आत्मा आमच्याहून वेगळा आहे, असे तो झ्विंग्लीच्या बाजूने आलेल्या बुसरला म्हणाला. दोन वर्षांनी कापेलच्या लढाईत झ्विंग्ली मारला गेला. त्या हाताला पुन्हा हात मिळाला नाही.

मी ल्यूथरला दोष देऊ शकत नाही, प्रभो. तुझा शब्द आपल्याला पटेल तसा वाकवायचा नाही या हट्टानेच तो १५२१ मध्ये वर्म्सला सम्राटासमोर उभा राहिला होता. झ्विंग्लीलाही देववत नाही. तू स्वतःला द्राक्षवेल म्हणालास, दार म्हणालास, तेव्हा ऐकणाऱ्यांनी अर्थ ओळखलाच होता. त्या रात्री तू आपल्या माणसांशी अरामीत बोलला असशील. त्या भाषेत अशा वाक्याला 'आहे' लागतच नाही. आमच्या मराठीतही लागत नाही. 'ही माझी बहीण' एवढेच आम्ही म्हणतो, 'आहे' गाळतो, आणि नाते तसूभरही कमी होत नाही. पण शुभवर्तमाने ग्रीकमध्ये लिहिली गेली, त्यांत तो शब्द आहे आणि तेच लिखाण आम्हाला प्रमाण आहे. तेव्हा वाद फुकटचा होता असे मी म्हणणार नाही. त्यांनी भांडावेच, रात्ररात्र भांडावे. फक्त तो हात घ्यायला हवा होता, एवढेच मला या वयात वाटते. १९७३ मध्ये बाझेलजवळ लोयेनबर्ग येथे ल्यूथरन आणि झ्विंग्लीच्या परंपरेतल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांनी करार करून एकमेकींच्या प्रभुभोजनात सहभागी होण्याचे मान्य केले. मधे ४४४ वर्षे गेली. कितीजण आपल्या शेजाऱ्याच्या मेजावर न बसताच मरून गेले, ते तुलाच ठाऊक.

इथे मला जरा सांभाळ. सगळी वाचने सारखीच खरी, असे म्हणून मी सुटका करून घेऊ लागले तर मला थांबव. १८५७ साली दक्षिण आफ्रिकेत केप इथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, ठराव केला. नव्याने विश्वासात आलेल्या काळ्या लोकांना आपल्याच मंडळीत सामावून घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, असे त्यांनी स्वतःच लिहिले. आणि पुढे, काहींच्या दुर्बलतेमुळे जिथे ते जमत नसेल तिथे त्यांची उपासना वेगळी भरवायला मोकळीक दिली. दुर्बळ बंधूला सांभाळून घ्या, ही पौलाची शिकवण. गोऱ्यांना काळ्यांशेजारी बसून तुझी भाकर घेणे नकोसे वाटत होते, ती ही दुर्बलता! त्या मोकळिकीतून वेगळ्या मंडळ्या झाल्या आणि वर्णभेदाच्या राजवटीला शास्त्राचा आधार मिळाला. हे वाचन चुकीचे होते आणि तसे म्हणणे भाग होते. त्याच परंपरेतल्या, वेगळ्या काढल्या गेलेल्या मंडळीने १९८२ मध्ये बेल्हार येथे ते लेखी म्हटले आणि १९८६ मध्ये तो मजकूर आपली विश्वासाची कबुली म्हणून स्वीकारला. आमच्याकडे या पापाला पंक्तिभेद असा जुना शब्द आहे. आमच्या मंडळ्यांतही सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण' हे हळू आवाजात विचारले जाते, आणि ते विचारणाऱ्यांच्या घरात पवित्र शास्त्र फळीवर असते. याची क्षमा आम्ही अजून नीट मागितलेलीही नाही.

मग खरे वाचन आणि सोयीचे वाचन मी कसे ओळखावे? मला एवढे दिसते की माझे वाचन कोणाला पंगतीतून उठवू लागले की मी घाबरून परत पहिल्या ओळीकडे जायला हवे.

नागपूरची आठवण मला जास्त टोचते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्या ऐक्याची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती, मारबुर्गनंतर बरोबर चारशे वर्षांनी. आत आले त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन होते, आणि विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा न देणारे बाप्टिस्ट आणि ब्रदरेनही होते. हाच सोळावा अध्याय त्या सगळ्यांनी वाचलेला होता. चाळीस वर्षे बोलल्यावर त्यांनी दोन्ही रीती एकाच मंडळीत राहू दिल्या. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी पुन्हा मागितला तर काय करायचे, हा प्रश्न त्यांनाही सोपा गेला नाही. मेथडिस्टांची एक मोठी शाखा ऐनवेळी बाहेर राहिली. तरी जे झाले ते आमच्याच महाराष्ट्रात झाले. आमची मंडळी त्या ऐक्यातली. त्या दिवसाची तारीख मी संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेत असे, प्रभो, आणि त्याच दिवसांत सख्ख्या बहिणीचा फोन आला की मी तो वाजू देत असे.

आता कबुली. मी हे पान तिला हरवण्यासाठी वाचले. काय सापडायला हवे हे आधी ठरवले आणि मग पेन्सिल घेतली. तिनेही तसेच केले असेल, पण तिचे तिने तुला सांगावे.

गेल्या महिन्यात मी पंडिता रमाबाईंविषयी वाचत होते. परदेशात इतके पंथ दिसले की मन गोंधळून गेले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे केडगावला मुक्ती मिशनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळे शास्त्र उतरवायला घेतले आणि १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत ते काम केले. आश्रमातल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. वाचता वाचता माझ्या मनात आले, भाषांतर करणाऱ्याला ओळ गाळता येत नाही. आवडो न आवडो, प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते. मी ठरवले, आपणही एकदा हे पान तसे वाचावे, जणू ते मला माझ्या आईसाठी दुसऱ्या भाषेतून उतरवायचे आहे.

आणि माझ्या खुणेच्या ओळीतच मला ते सापडले. पाणी तिथे दोनदा लागते. बाप्तिस्म्याच्या आधी त्या अधिकाऱ्याने पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या. त्या फटक्यांच्या जखमा होत्या. त्याच दिवशी त्यांना छड्यांनी मारून त्याच्या ताब्यात दिले होते आणि त्याने त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. आता रात्रीच्या त्याच घटकेला तो त्यांची पाठ धुतो आहे. मग बाप्तिस्मा. मग तो त्यांना घरात नेतो आणि त्यांच्यापुढे अन्न वाढतो. हे बहिणीच्या खुणेच्या ओळीत आहे. तिची ओळ जेवणाने सुरू होते, माझी जखमा धुण्याने. या दोन ओळींवर आम्ही कित्येक तास भांडलो, आणि ती उपाशी निघून गेली, आणि आम्हाला दोघींनाही ना जखमा दिसल्या ना जेवण.

बाप्तिस्म्याचा प्रश्न यामुळे सुटत नाही. मला अजूनही माझे म्हणणे बरोबर वाटते. तान्हेपणी, मला काही कळण्याआधी, तू मला आपली म्हटलेस, हे मला सोडवत नाही. तिला तिचे सोडवणार नाही. आम्ही दोघीही तुझ्यापुढे याचा जबाब देऊ. पण ज्या रात्री तुला धरून नेणार होते त्या रात्री तू पित्याजवळ आमच्यासाठी एकी मागितलीस, आणि ती मागताना आमची भांडणे तुला दिसत असतील. तू तेव्हा कोणाला मेजावरून उठवले नाहीस. यहूदालाही तू घास दिलास.

शनिवारी आईचा स्मृतिदिन आहे. बहीण येते आहे. परवा तिनेच फोन केला आणि या खेपेला मी तो उचलला. प्रभो, तिला दारात पाहिल्यावर माझ्या जिभेवर जुने वाक्य येऊ देऊ नकोस. चार वर्षांपूर्वी मी तिला जे जे लागेल असे बोलले, ते तिला विचारण्याचे आणि ऐकून घेण्याचे धैर्य दे. तिला पोटभर जेवू घालू दे. मग आईचे हे पुस्तक आमच्या दोघींच्या मधे ठेव आणि सोळावा अध्याय तिला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू दे. ती वाचत असताना माझा हात पेन्सिलीकडे जाऊ देऊ नकोस. आमेन.