परत ठेवायचे म्हणून घेतलेले

आपल्या घराण्यांपैकी कित्येकांची आडनावे फडणीस, पोतनीस अशी आहेत. दरबार गेले, दफ्तरे गेली. पण दुसऱ्याचा पैसा सांभाळणे हा मान होता, ही आठवण आडनावांत उरली. म्हणूनच एखाद्या प्रतिष्ठित हिशेबनिसाने जुगारापायी लोकांच्या ठेवीला हात घातला असे ऐकले, की साध्या चोरीपेक्षा काही निराळे घडले असे वाटते.

टोरांटोचा ब्रायन मोलोनी हा एका मोठ्या बँकेचा तरुण, विश्वासू अधिकारी. १९८० ते १९८२ या काळात त्याने खोटी कर्जे मंजूर करून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उचलली आणि जुगारात घालवली. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

असा माणूस बहुधा स्वतःला चोर समजत नाही. ‘उसने घेतले आहेत, डाव लागला की परत ठेवीन,’ अशी तो मनाची समजूत घालतो. समजा, डाव लागला आणि पैन् पै परत ठेवली गेली, तर अपराध घडला की नाही?

द्यूतसभेत द्रौपदीने डाव कोणी जिंकला हे विचारले नाही. जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणास लावण्याचा अधिकार होता काय, हे तिने विचारले. अधिकार नसेल, तर अपराध फासे पडण्यापूर्वीच घडतो. ठेव दिली ती जपण्यासाठी; मालकाच्या नकळत ती पणास लागली, त्याच क्षणी त्याचे काही हिरावले गेले. परत आलेला पैसा ते भरून काढीत नाही, केवळ झाकतो.

जुगाराचे वेड हा विकार आहे, हेही खरे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याची गणना व्यसनांत केली. त्या माणसाविषयी करुणा असावीच. परंतु उसने मागून घ्यावे लागते; जे मागण्याचे धैर्य होत नाही, ते उसने नव्हे. खोटी नोंद लिहिणाऱ्या हाताला हे ठाऊक असते.

आणि आपण? ‘त्यांना काय विचारायचे!’ म्हणत आपल्याही मंडळांत वह्या न पाहता सह्या होतात. याला आपण आदर म्हणतो. वस्तुतः वेळच्या वेळी वही मागून पाहणे, हाच त्या माणसाचा खरा आदर. कारण पहिल्या खोट्या नोंदीपाशी त्याला कोणी अडवले, तर ठेवीबरोबर तोही वाचतो.