दैव पाचवं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते ती फक्त धुऊन घेण्यासाठी. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पुढं दिवाळी सरते, थंडी पडते आणि त्यातल्याच एखाद्या गाडीचा मालक पहाटे फोन करतो, "मिस्तरी, गाडी सेल घेईना. दसऱ्याला नारळ फोडला होता हो, देवाचं काही कमी केलं नाही."

हे बोलणं मला कधी हसण्यावारी नेता आलं नाही. त्यात एक खरा प्रश्न आहे: मनापासून पूजा केली, तरी यंत्र का रुसावं? देवावर सोपवलेल्या गोष्टीत माणसानं पुन्हा हात घालायचा का?

माझं गॅरेज अहमदपूरला, नांदेड-लातूर रस्त्यावर. पण या प्रश्नाचं उत्तर मला गॅरेजात नाही, आमच्या गोठ्यात सापडलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वडील बैलांची खांदेमळणी करायचे. बैल धुतलेले असायचे. गरम पाण्यानं खांदे शेकायचे, मग हळद आणि तूप लावून सावकाश चोळायचे आणि बैलाला म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर जू घासून खांद्याला घट्टा पडलेला असतो, कुठं सूज असते, कुठं जखम मुरलेली असते. वडिलांच्या बोटांना ते तिथंच कळायचं. एखाद्या ठिकाणी बैल अंग चोरायचा आणि वडील थांबून तिथं पुन्हा हात फिरवायचे. ज्यांनी हा विधी घालून दिला, त्यांनी पूजेचा हात नेमका दुखऱ्या जागेवर नेऊन ठेवला. शिंगांना बेगड, अंगावर झूल, मिरवणूक हे सगळं दुसऱ्या दिवशी.

गाडीच्या पूजेत आपण मिरवणूक ठेवली आणि खांदेमळणी सोडली. हात बॉनेटवरून फिरतो. दुखरी जागा बॉनेटखाली.

माळेगावच्या यात्रेत बघा. खंडोबाचं वाहन घोडा आणि त्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजारही भरतो. घेणारा खंडोबाचा कितीही भक्त असो, घोड्याचे दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो. त्याची भक्ती त्यानं उणी होते असं कुणी म्हणत नाही. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यातले घोडे गुरू गोबिंदसिंगजींच्या घोड्याच्या वंशातले मानतात. मिरवणुकीत त्यांना मोठा मान असतो, पण तो मान राखायचा तर रोज चारा, रोज खरारा आणि रोज तबेला झाडणं आलंच.

थंडीत बिघडतं काय, ते सांगतो. लडाखची गोष्ट वेगळी. तिथं साधं डिझेलच गोठतं, म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल तिकडं आणलं. आपल्याकडं पारा दहाच्या आसपास येतो, कधी त्याखालीही जातो. एवढ्यानं डिझेल गोठत नाही. पण बॅटरीतली क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झाल्यानं इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. देणारा अशक्त, मागणारा जास्त, असं दोन्हीकडून होतं. दुपारी तीस अंशांत भरलेली टायरची हवा पहाटे दहा अंशांत सुमारे तीन पॉइंट उतरते. डिझेल गाडीचा एखादा हीटर प्लग गेलेला असेल तर उन्हाळाभर कळत नाही, डिसेंबरात कळतं.

यातली बॅटरीची गोष्ट मला फार विचार करायला लावते. बॅटरी थंडीनं मरत नाही. ती मारतो आपला मे महिना. बेचाळीस अंशांच्या उन्हात तिचं पाणी आटतं, आतल्या प्लेटा झिजतात, टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचत जातं. गरम इंजिन सहज फिरतं म्हणून तिचा अशक्तपणा झाकून जातो. थंडी फक्त तो उघडा पाडते. मालक म्हणतो, नशीब खोटं, नेमकं लग्नाला निघताना बंद पडली. मला त्यात मे महिना दिसतो. आपल्याकडं प्रारब्ध म्हणतात ते हेच असावं. कर्म विसरून गेलेलं असतं आणि फळ हातात येतं तेव्हा ते आकाशातून पडल्यासारखं वाटतं. सगळंच दैव असं असतं असा माझा दावा नाही. पण दैवाच्या नावावर आपण टाकतो त्यातलं बरंच आपलंच असतं.

आमच्याकडं एक निवृत्त गुरुजी गाडी आणतात. त्यांच्यापुढं मी हे बोललो तेव्हा त्यांनी गीतेचा अठरावा अध्याय सांगितला. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. करण म्हणजे साधन. "दैव नाही असं गीता म्हणत नाही मिस्तरी," गुरुजी म्हणाले, "पण ते पाचवं आहे." तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो. दैवाला हात जोडा, जरूर जोडा. आधीची चार मोजून घ्या.

आणि प्रश्न एकट्या मालकाचा असता तर मी इतकं बोललोही नसतो. ज्याची गाडी, त्याची श्रद्धा. पण थंडी म्हणजे आमच्याकडं उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या, मागं लोंबणारं पाचट, त्यात झाकलेला किंवा कधी नसलेलाच लाल दिवा. पहाटे धुक्यात ही वाहनं चाळीस पावलांवर येईपर्यंत दिसत नाहीत. बंद पडलेल्या ट्रॉलीभोवती मोठे दगड लावतात आणि दुरुस्ती झाली की दगड तिथंच सोडून जातात. याच रस्त्यानं मार्गशीर्षात घोंगडी पांघरलेली माणसं पायी माळेगावला चाललेली असतात. "देव बघून घेईल" असं म्हणून काच न पुसता, वायपर न बदलता, दिवा न लावता निघणारा माणूस फक्त स्वतःचा जीव देवावर सोपवत नसतो. तो या माणसांचाही जीव सोपवून टाकतो. तो अधिकार त्याला कुणी दिला? मला तरी हे अधर्माचं वाटतं.

आमच्या भागात बसवेश्वरांना मानणारी घरं पुष्कळ आहेत. बाराव्या शतकात त्यांनी कायकाचा विचार मांडला, हातातलं काम हीच उपासना. त्यांच्या शरणांत, म्हणजे त्यांच्या मार्गानं जाणाऱ्या भक्तांत, अंबिगर चौडय्या होते, धंद्यानं नावाडी. नाव गळकी ठेवून त्यांनी दिवसभर लिंगपूजा केली असती तर पैलतीराला कोण पोचलं असतं?

खंडेनवमीला मी पाने, जॅक, पकडी आधी डिझेलनं धुतो, झिजलेला पाना बाजूला काढतो आणि मगच हळद-कुंकू वाहतो. गाडीलाही आता तसंच करतो. आधी बॉनेट उघडायचं, टर्मिनल गरम पाण्यानं साफ करायचं, बॅटरी मीटरवर बघायची. गाडी रात्रभर उभी असताना साडेबाराच्या वर व्होल्ट दिसले तर ठीक. मग कुलंट, वायपर, हीटर प्लग, स्टेपनीसकट पाची चाकांची हवा. हार शेवटी. काही गिऱ्हाइकं घाई करतात, मुहूर्त टळतो म्हणतात. मी त्यांना थांबवतो.

माळेगावची यात्रा जवळ आली की एवढं करा. निघण्याआधी घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागं उभं करा, ब्रेक दाबा आणि दोन्ही लाल दिवे लागतात का ते विचारा. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. आणि ट्रॉलीवाल्या भावांनो, दिव्यावरचं पाचट बाजूला करा, मागं रिफ्लेक्टर लावा, आणि गाडी दुरुस्त झाली की रस्त्यावरचे दगड उचलून मगच पुढं जा.