दुसऱ्याचे सुख आणि सस्पेन्शनची निवड

नवी स्पोर्ट्स कार घेताना रंग डोळ्यांना दिसतो आणि इंजिनाची ताकद आकड्यांत कळते. परंतु सस्पेन्शन कोणते घ्यावे हे ठरवताना ग्राहक ज्या ज्ञानावर विसंबतो ते येते कोठून, हा प्रश्न वाटतो त्याहून जुना आणि खोल आहे. सस्पेन्शन म्हणजे मुख्यतः तीन भागांचा मेळ : गाडीचा भार पेलणारी स्प्रिंग, त्या स्प्रिंगची उसळी तेलाच्या विरोधाने उष्णतेत जिरवणारा शॉक अॅब्सॉर्बर आणि वळणावर गाडीला फार कलू न देणारा अँटी-रोल बार. पोर्शे 911 चे उदाहरण घेतले, तर 2018 च्या अखेरीस सादर झालेल्या तिच्या 992 या पिढीत शॉक अॅब्सॉर्बरचा कडकपणा चालत्या गाडीत बदलणारी व्यवस्था मूळ किमतीतच मिळते, आणि ज्यादा पैसे मोजल्यास गाडी 10 मिलिमीटर खाली बसवणारे, आखूड व अधिक ताठ स्प्रिंगांचे स्पोर्ट सस्पेन्शनही मागवता येते. ही मागणी गाडी कारखान्यात तयार होण्यापूर्वी नोंदवायची असते. म्हणजे निर्णय आधी आणि अनुभव मागाहून.

यथार्थ ज्ञानाच्या साधनाला भारतीय तत्त्वज्ञानातील न्यायदर्शन ‘प्रमाण’ म्हणते आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानते. त्यांपैकी उपमान, म्हणजे सादृश्यावरून होणारी ओळख, येथे फारशी उपयोगी नाही. खरा गुंता उरलेल्या तिघांत आहे.

ग्राहकाचे अनुमान बहुधा असे असते, की जेथे सस्पेन्शन ताठ तेथे रस्त्यावरची पकड अधिक. दोन गोष्टींच्या अशा नियत साहचर्याला ‘व्याप्ती’ म्हणतात, आणि ती खरी असेल तरच अनुमान टिकते. नैयायिकांनी खोट्या व्याप्तीचे उदाहरण दिले आहे ते अग्नी आणि धूर यांचे : जेथे धूर तेथे अग्नी हे खरे, पण जेथे अग्नी तेथे धूर हे खरे नाही, कारण धूर निघण्यासाठी ओले सरपण लागते, तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. व्याप्तीत न सांगता शिरलेल्या अशा अटीला ‘उपाधी’ ही संज्ञा आहे. ताठपणा आणि पकड यांच्या साहचर्यातही अशीच उपाधी दडलेली आहे, आणि ती म्हणजे गुळगुळीत रस्ता. टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते आणि तो भार जितका स्थिर राहील तितकी पकड भरवशाची. शर्यतीच्या सपाट मार्गावर ताठ स्प्रिंग गाडीचे कलणे व डुलणे आवरते, त्यामुळे चालकाच्या हाताला गाडी तत्परतेने प्रतिसाद देते. मात्र उखडलेल्या डांबरावर तीच स्प्रिंग चाकाला खड्ड्यात वेळेवर उतरू देत नाही, टायरवरचा भार क्षणात वाढतो, क्षणात घटतो, आणि वळणाच्या ऐन मध्यावर चाक अर्धवट हवेत राहते. लोटस कंपनीच्या गाड्या मऊ स्प्रिंगांवर असूनही वळणांवरील चपळाईसाठी नावाजल्या गेल्या, हे या व्याप्तीला पुरेसे प्रत्युत्तर आहे.

शब्दप्रमाणाची अडचण याहून सूक्ष्म आहे. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचा उपदेश. आणि आप्त म्हणजे नातलग नव्हे, तर ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे व जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू केले, ही त्याच्या भाष्यातील फार उदार गोष्ट म्हटली पाहिजे. या कसोटीवर कारखान्यातील अभियंता आप्त ठरू शकतो, अनेक गाड्या चालवलेला परीक्षकही ठरू शकतो. परंतु आप्त कशाविषयी? स्प्रिंग किती ताठ, गाडी किती खाली, अमुक वेगाने अमुक वळण निभते का, याविषयी. गाडीत बसणाऱ्याच्या सुखाविषयी मात्र नव्हे, कारण सुख आणि दुःख हे न्यायमताप्रमाणे त्या त्या आत्म्याचे गुण असून ते ज्याचे त्यालाच मनाने प्रत्यक्ष होतात. दुसऱ्याला ते केवळ अनुमानाने कळतात. मानवी देहाला सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा होणारे उभे कंपन सर्वाधिक जाणवते, हे विज्ञान सांगू शकते, पण ते सरासरी देहाविषयी सांगते. ‘कडक आहे, पण त्रास होत नाही’ या जुन्या मालकाच्या वाक्याचा पूर्वार्ध वस्तूविषयी आहे आणि उत्तरार्ध त्याच्या स्वतःच्या कमरेविषयी. दोन्हींना एकाच प्रमाणाचे वजन देणे ही निवडीतील सर्वांत मोठी चूक होय.

तेव्हा प्रत्यक्षाकडे वळावे, तर शोरूमच्या आसपासची टेस्ट ड्राइव्ह हे अपुरे प्रत्यक्ष आहे. नवेपणाच्या उत्साहात देह धक्क्यालाही सुख मानतो, आणि तिसऱ्या वर्षी रोजच्या वाटेवर तोच धक्का प्रतिकूल वाटू लागतो. बटण दाबून कडकपणा बदलणाऱ्या व्यवस्थेने निवडीचा प्रश्नच मिटतो, असा दावा केला जातो. तोही पूर्ण खरा नाही. बटणाने बदलतो तो शॉक अॅब्सॉर्बर; पोलादी स्प्रिंगचा ताठपणा आणि कमी झालेले ते 10 मिलिमीटर जसेच्या तसे राहतात, आणि महाराष्ट्रातील बेमापी गतिरोधकांसमोर ते 10 मिलिमीटर क्षुल्लक नाहीत.

म्हणून ज्याची गाडी मुख्यतः सार्वजनिक रस्त्यावर धावणार आहे, त्याने मूळ सस्पेन्शनच घ्यावे, आणि मोठ्या रिमचा मोहही टाळावा, कारण टायरची उंच कड हीच रस्त्याला भेटणारी पहिली स्प्रिंग असते. स्पोर्ट सस्पेन्शन मागवायचेच असेल, तर त्याच सस्पेन्शनची आणि त्याच मापाच्या चाकांची गाडी मिळवून आपल्या रोजच्या रस्त्यावर, घरच्या माणसांना शेजारी बसवून, निदान अर्धा दिवस चालवावी. तशी गाडी मिळेपर्यंत मागणीपत्रावर सही करू नये.