साक्ष, लीळा आणि ईश्वरत्व

लीळाचरित्रातील लीळा प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सांगण्यावरून लिहिल्या गेल्या, म्हणून त्या खऱ्या. आणि त्या खऱ्या, म्हणून सर्वज्ञांचे ईश्वरत्वही सिद्ध, असा युक्तिवाद उपदेशी मंडळींकडून अनेकदा ऐकू येतो. त्यामागील भाव शुद्ध आहे. परंतु येथे दोन भिन्न गोष्टी एकाच गाठीत बांधल्या गेल्या आहेत. ती गाठ सोडवून पाहणे अवश्य आहे.

प्रथम साक्षीचा विचार करू. वस्तू जशी आहे तशी ज्याने जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा, तो आप्त, असे नैयायिक मानतात. अर्थात सांगणारा केवळ प्रामाणिक असून भागत नाही. सांगितलेली गोष्ट त्याच्या जाणिवेत आलेली असली पाहिजे. या दृष्टीने पाहता सर्व लीळांचा आधार एकाच जातीचा नाही. एकांक हा सर्वज्ञांच्या एकाकी भ्रमणाचा काळ. तेथील लीळा सर्वज्ञांनीच पुढे प्रसंगपरत्वे निरूपिल्या. भक्तजन त्यांच्या श्रवणाचे साक्षी होत, दर्शनाचे नव्हेत. पूर्वार्धाच्या काळात श्रीनागदेवाचार्यांचे अनुसरण व्हावयाचे होते. तेथे इतर भक्तांचा आधार घ्यावा लागतो. उत्तरार्धात आचार्य स्वतः सन्निधानी होते.

पंडित म्हाइंभटांना हा भेद ठाऊक होता. म्हणूनच आचार्यांकडून लीळा घेऊन ते थांबले नाहीत. ज्यांनी जे पाहिले वा ऐकले त्यांना गाठून त्यांनी ते मिळविले व आचार्यांकडून तपासून घेतले. पुढे धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. स्मरणे सर्वस्वी जुळली नाहीत. तेव्हा आपल्या पूर्वजांनी सोयीचा तेवढा पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. हिराइसेचा पाठ असा, दुसऱ्याचा तसा, हे त्यांनी नोंदवून ठेवले. आक्षेपक या वासनाभेदाकडे ग्रंथाचा दोष म्हणून बोट दाखवितात. वस्तुतः ज्याला रचून सांगावयाचे असते, तो मतभेद जपून ठेवीत नाही.

आता दुसरी गोष्ट. साक्षीने घटना सिद्ध होते; घटनेचे तत्त्व सिद्ध होत नाही. सर्वज्ञांचे दर्शन पैठणात, बीडात, गंगातीरी कितीएकांना घडले. डोळे सर्वांनाच होते; तरी काहींनी त्यांना थोर महात्मा मानले, काहींनी द्वेष केला आणि थोड्यांनाच बोध झाला. दर्शनानेच ईश्वरत्व कळते, तर पाहणारा प्रत्येक जण भक्त झाला असता. ते ज्ञान ब्रह्मविद्येच्या निरूपणाने होते. साक्षीदारांची संख्या मोजून ते हाती येत नाही.

मग साक्ष तपासण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन मोठे आहे. नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण हा आपला नित्य विधी. जी लीळा घडलीच नाही, तिचे स्मरण हे कोणाचे स्मरण? श्रोत्यांना रुचावे म्हणून निरूपणात एखादा चमत्कार वाढविणारा वक्ता श्रद्धा वाढवीत नाही. तो साधकाच्या स्मरणाचा विषयच बदलून टाकतो. म्हणून लीळा सांगताना ती कोणी पाहिली, कोणी ऐकली, कोठे पाठ भिन्न आहे, हे सांगणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. म्हाइंभटांनी घालून दिलेला तो आचारच होय.