कोणीतरी उचलील

सकाळी सव्वासहाच्या सुमाराला आमच्या गावच्या नगरपालिकेच्या बागेत तुम्ही आलात, तर आकाशाकडे पाहत उभी असलेली पुष्कळ माणसे तुम्हांला दिसतील. नवख्या माणसाला वाटेल, काय रसिक गाव आहे! पण नजर जरा खाली आणली, म्हणजे उलगडा होतो. त्या प्रत्येकाच्या हातात एक पट्टा असतो, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक कुत्रा असतो, आणि तो कुत्रा त्या क्षणी हिरवळीवर जे करीत असतो ते आपल्याला दिसले नाही असे ठरविण्यासाठी त्याचा धनी आकाशाकडे पाहत असतो. काम आटोपले, की धनी खाली पाहतो, पट्ट्याला हलका हिसका देतो आणि दोघेही प्रसन्न चित्ताने पुढे जातात. दोन वर्षे मीही या मंडळींपैकी एक होतो.

मोती आमच्या घरी आला तो मुलीच्या हट्टामुळे. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी शाळेतून येताना तिने ते भिजलेले पिल्लू उराशी धरून आणले. दोन दिवस आम्ही त्याला ‘ते कुत्रे’ म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी तो ‘आपला मोती’ झाला. आपला मोती दूधपोळीखेरीज कशाला तोंड लावीत नाही, आपला मोती फटाक्यांना भितो, आपला मोती माझ्या सायकलची घंटा गल्लीच्या तोंडाशी ओळखतो, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे. मोतीचे सगळे काही आपले होते. फक्त रोज सकाळी हिरवळीवर तो जे ठेवून येई, ते तेवढे आपले नव्हते. ते नगरपालिकेचे होते.

हे मी अजाणता करीत होतो, असे म्हणण्याची सोय नाही. शिक्षकाला सबबींचा तोटा नसतो. मुलांच्या इतक्या ऐकलेल्या असतात, की वेळ आली म्हणजे त्यांतलीच एखादी उपयोगी पडते. माझी पहिली सबब अशी, की मी घरपट्टी भरतो आणि बाग झाडायला माणसे नेमलेली आहेत. दुसरी अशी, की गावात एवढी बेवारशी कुत्री हिंडतात, त्यांच्या मागे कोण फिरतो? त्या ढिगात माझ्या मोतीची भर ती काय! आणि तिसरी जरा शास्त्रीय होती : मातीतले मातीला मिळते, शेणाचे खत होते, तसे याचेही होईल. या तिन्ही सबबींच्या मुळाशी एकच वाक्य होते, आणि ते मी कधी मोठ्याने उच्चारले नव्हते. ते म्हणजे, ‘कोणीतरी उचलील.’

गेल्या आषाढात त्या ‘कोणीतरी’चा चेहरा मला दिसला. नेहमीप्रमाणे मी ढग पाहत होतो. मागून आवाज आला, “नमस्कार, सर.” वळून पाहतो, तर माझ्या आठवीच्या वर्गातला मुलगा. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात पत्र्याचा तुकडा, शेजारी टोपली.

“अरे, तू इथे कसा?”

“आईला ताप आहे, सर. खाडा पडला की पैसे कापतात. म्हणून आलो.”

एवढे बोलून तो वाकला. मोतीने नुकतेच जे केले होते ते त्याने पत्र्याने खरवडून घेतले. जमीन ओली होती, काही राहिले. ते त्याने बोटांनी निपटले आणि हात गवताला पुसला. “अरे, राहू दे, मी...” असे काहीतरी मी पुटपुटलो. तो सहज म्हणाला, “असू द्या, सर. रोजचंच आहे.”

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. मला रागावता आले असते.

घरी येताना मला लाज वाटत होती. पण ती कसली, हे तपासून पाहिले तेव्हा फारसे समाधान झाले नाही. मी जे केले त्याची ती लाज नव्हती. ते करताना मला पाहिले गेले, याची होती. आणि पाहणारा माझा विद्यार्थी होता, त्याच दिवशी अकरा वाजता मी त्याच्यासमोर उभा राहणार होतो, याची होती. तेथे अनोळखी माणूस असता, तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा ढग पाहिले असते. दोन वर्षे या मुलाची आई रोज तेच उचलीत होती. आदल्या दिवशी घाण केलेली हिरवळ दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसते, हे मी रोज पाहत होतो आणि त्याचे कारण मला एकदाही विचारावेसे वाटले नव्हते. सूर्य उगवतो तशी बाग स्वच्छ होते, असेच मी धरून चाललो होतो.

आपण म्हणतो, किळस येते हो! पण किळस ही वस्तूत असते, की आपल्या आणि वस्तूच्या नात्यात? तान्ह्या मुलाचे दुपटे बदलताना कोणती आई नाक मुरडते? माझे लहानपण खेड्यात गेले. तेथे गुरे गायरानात निघाली, की पाट्या घेतलेल्या पोरी त्यांच्या मागे जात. शेणाचा पो पडला, की जी आधी पोचेल ती त्यावर काडी खोचून ठेवी. ती खूण झाली, की तो पो तिचा. त्यावरून भांडणे होत, झिंज्या धरल्या जात. त्याच शेणाने घर सारवायचे, गोवऱ्या थापायच्या, आणि तोच हात धुऊन भाकरी थापायची. किळसेचा प्रश्न नव्हता, कारण शेणाला मोल होते.

एवढेच काय, कुत्र्याच्या विष्ठेलाही एके काळी मोल होते. हेन्री मेह्यू याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमधल्या गरिबांच्या धंद्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात रस्त्यांवरून कुत्र्यांची विष्ठा वेचून ती बादलीच्या भावाने चामडे कमावणाऱ्यांना विकणाऱ्या म्हाताऱ्या बायकापुरुषांचे वर्णन आहे. कातडे मऊ करायला ती लागत असे. तेव्हा लंडनच्या रस्त्यावर जे पडे, त्याला धनी मिळे. मोल गेले आणि धनी गेला. ज्या वस्तूचा उपयोग आहे तिच्यावर दहा जण काडी खोचतात. जिचा उपयोग नाही, ती सर्वांची होते, म्हणजे कोणाचीच राहत नाही.

गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1968 साली सामाईक कुरणाचा दाखला देऊन एक निबंध लिहिला होता. जनावर एक वाढवले तर फायदा माझा एकट्याचा, आणि कुरणाची झीज मात्र सगळ्यांत वाटली जाणार. मग मी ते का वाढवू नये? प्रत्येकाने असा हिशेब केला, की कुरण संपते. घाणीचे गणित त्याच जातीचे, नुसते उलटे, हेही त्याच निबंधात सांगितले आहे. आम्हां आकाशाकडे पाहणाऱ्यांचा हिशेब नेमका हाच. वाकण्याचे कष्ट माझे एकट्याचे. न वाकल्याची घाण साऱ्या गावात वाटली जाणार.

पण या गणितात एक चूक आहे, आणि ती मला त्या मुलाच्या बोटांनी दाखवली. घाण गावात वाटली जात नाही. ती एका बाईच्या टोपलीत जाते.

माझी शास्त्रीय सबबही टिकत नाही. गाय गवत खाते. कुत्र्याचे तसे नाही. कुत्र्याच्या, विशेषतः पिल्लांच्या, पोटात एक गोल जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत. मातीत काही आठवडे राहिली, म्हणजे बाधक होतात, आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. मातीत खेळणारे मूल हात तोंडात घालते. क्वचित हा जंत डोळ्यात शिरतो आणि दृष्टी जाते. म्हणजे वेळीच उचलले तर धोका टळतो. मातीला मिळू द्यावे म्हटले, तर तेथूनच तो सुरू होतो. निसर्गाच्या नावाने आपण जे सोडून देतो त्याचे पुढे काय होते, हे निसर्गाला विचारण्याची तसदी आपण घेत नाही.

कायद्याने हे सुटेल का? न्यूयॉर्कमध्ये 1 ऑगस्ट 1978 पासून कुत्र्याच्या धन्याने स्वतः उचलावे असा कायदा लागू झाला. कोण पाळणार, म्हणून हसणारे तेथेही होते. परंतु हळूहळू हातातली पिशवी हे तेथे लाजेचे नव्हे, सभ्यतेचे लक्षण झाले. त्याच सुमारास, 1980 नंतरच्या दशकात, पॅरिसने दुसरी वाट धरली. तेथे पालिकेने विष्ठा शोषून घेणाऱ्या मोटारसायकली रस्त्यांवर फिरवल्या. त्या महाग पडल्या, घाण राहिलीच, आणि शेवटी बंद झाल्या. धन्याच्या मागे यंत्र फिरू लागले, म्हणजे धन्याला वाकण्याचे कारणच उरत नाही. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या 2006 च्या उपविधींत पाळीव प्राण्याच्या घाणीसाठी 500 रुपये दंड ठरला होता. दंड वाईट नव्हे. पण आपल्याकडे मोठ्या घरांत कुत्रा फिरवायलाही पगारी पोरगा असतो. उद्या दंडाच्या भीतीने उचलले गेले, तरी उचलणारा तोच पोरगा. हिरवळ स्वच्छ होईल. प्रश्न जागच्या जागी राहील.

कारण आपल्या देशात ‘कोणीतरी’ हे सर्वनाम नाही. त्याला जात आहे. न्यूयॉर्कचा माणूस वाकत नाही तो आळसाने. मी वाकत नव्हतो, त्यात आळसाच्या जोडीला हजार-दोन हजार वर्षांची सवय होती. 1901 साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात संडासांची दुर्दशा गांधीजींनी स्वयंसेवकांना दाखवली, तेव्हा हे आमचे काम नव्हे, सफाईवाल्यांचे, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यांनी झाडू मागून घेतला. 1932 साली आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात संडास साफ करण्याचे काम मागितले, आणि ते मिळेना म्हणून उपवास केला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्यासाठी अन्न सोडले. एका उच्चवर्णीय माणसाला घाण काढू द्यावी म्हणून उपवास करावा लागला, ही गोष्ट आमच्या समाजाबद्दल जे सांगते ते दहा ग्रंथ सांगणार नाहीत.

पण येथेही एक खड्डा आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या कामाच्या गौरवावरच बोट ठेवले होते. हे काम थोर आहे, पवित्र आहे, असे सांगणे म्हणजे ज्यांच्या माथी ते मारले आहे त्यांना त्यातच गोड बोलून ठेवणे होय. मला ते पटते. मी एक दिवस वाकलो म्हणून संत होत नाही. हाताने मैला उचलायला लावण्यास 1993 साली आणि पुन्हा 2013 साली कायद्याने बंदी झाली. पण त्या कायद्यातला मैला माणसाचा आहे. कुत्र्याचा त्यात धरलेला नाही. तेवढी फट आम्ही बरोबर शोधून काढली आणि तिच्यात सकाळचे फिरणे बसवले.

मग राहिले काय? एक साधा हिशेब राहिला. बेवारशी कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसतो. त्याची घाण खरोखरच गावाची, आणि ती नीट साधने आणि नीट पगार देऊन काढणे हे गावाचे काम. झाडाची पाने पडतात. झाडालाही पट्टा नाही. माझी घरपट्टी त्या पानांसाठी आहे. पण ज्याच्या गळ्यात पट्टा आहे, त्या पट्ट्याचे दुसरे टोक माझ्या हातात आहे. ‘आपला’ म्हणायचे तर सगळा आपला म्हणावा लागतो. गोड तेवढे आपले आणि उरलेले दुसऱ्याचे, याला प्रेम म्हणत नाहीत. अशा रीतीने माणसे कुत्रीच पाळतात असे नाही. घरे, संस्था, देशही पाळतात.

आता मी खिशात जुन्या वर्तमानपत्राचे कागद घेऊन जातो. पहिल्या दिवशी पुडी बागेतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि समाधानाने निघालो. चार पावलांवर ध्यानात आले, की डबा तीच बाई रिकामा करते. तेव्हापासून पुडी घरी आणतो, संडासात रिकामी करतो, पाणी ओततो. वाटेत ओळखीचे लोक भेटतात. एक गृहस्थ म्हणाले, “सर, तुम्ही कशाला? बाई आहे ना!” त्यांना मी काय सांगणार? महिन्यापूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

मुलाची आई बरी होऊन कामावर आली, तेव्हा मी मुद्दाम तिच्याजवळ गेलो. इतके दिवस झाले ते बरे नव्हे, यापुढे मोतीचे मी उचलीन, असे जरा अडखळतच सांगितले. ती काहीतरी मोठे बोलेल, अशी माझ्यातल्या कादंबरीकाराची अपेक्षा असावी. तिने खराट्याचा बंध आवळला, बागेत उभ्या असलेल्या, वर पाहणाऱ्या मंडळींवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली,

“बरं झालं, सर. एक कमी झालं.”

आणि ती पुढच्याकडे गेली.