रागावेन, पण आधी येईन

आमच्या घरी टीव्हीवर कंडोमची जाहिरात लागली की रिमोट आईच्या हातात जायचा आणि बाबांना अचानक तहान लागायची. मी तेव्हा चौदा वर्षांचा. जाहिरात कशाची आहे हे वर्गातल्या मुलांनी मला आधीच सांगितलं होतं. त्यातलं निम्मं चूक होतं, हे मात्र कॉलेजात गेल्यावर कळलं. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने अशा जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० दाखवू नका, असं वाहिन्यांना सांगितलं. म्हणजे आईचा रिमोट सरकारनेच घेतला.

ही लाज नवी नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले. एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. इतकं होऊनही घराघरांत विषय निघाला की आवाज खाली जातोच.

'सांगितलं तर मुलं बिघडतील' ही आईबापांची भीती प्रेमातूनच येते. पण गप्प बसल्याने मूल अजाण राहत नाही, एकटं पडतं.

बारावीनंतरच्या एका पार्टीत मित्राने कुणीतरी दिलेली गोळी घेतली. थोड्या वेळाने त्याला दरदरून घाम फुटला, तो असंबद्ध बोलू लागला. आम्ही चौघं पार्किंगमध्ये अर्धा तास एकच चर्चा करत होतो : कुणाच्या घरी फोन केला तर कमी बोलणी बसतील? दवाखान्याचं नाव कुणीच काढलं नाही. शेवटी एकाच्या आत्याला फोन केला. ती आली, काही न विचारता त्याला गाडीत घातलं. तो वाचला. त्या अर्ध्या तासाचा हिशेब मला अजून लागलेला नाही. चूक गोळी घेणाऱ्याची होती, आमचीही होती. पण ज्यांच्या घरी फोन करायला आम्ही घाबरलो, त्यांची काहीच नव्हती?

'काहीही सांग, मी रागावणार नाही,' असं बरेच पालक म्हणतात. मला हे वचन पटत नाही. राग येणारच. शिवाय न रागावणं म्हणजे चालवून घेणं, असंही मूल समजू शकतं. एकदा ते वचन मोडलं की मूल पुन्हा सांगायला येत नाही. 'एकदा ओढलीस की संपलास' या धमकीचंही तसंच. ओढलेला मित्र दुसऱ्या दिवशी वर्गात धडधाकट दिसला, की आईबापांच्या खऱ्या सूचनांवरचाही विश्वास उडतो.

परवा आईला पार्किंगची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मलाही कुणी काही सांगितलं नव्हतं रे. काय बोलायचं तेच कळायचं नाही. काय म्हणायला हवं होतं मी?"

"रागावेन, पण आधी येईन. एवढंच."

"आले असते की," आई म्हणाली.

ती आली असती, हे मला आज माहीत आहे. त्या रात्री माहीत नव्हतं.