अंगठा ठेवा, ऐका

पंप पुढ्यात घ्या, पण लगेच चालू करू नका. ज्याच्या कमरेला तो दिवसभर होता, त्या माणसाला आधी डोळ्यांसमोर आणा. समजा, कोल्हापूरकडच्या एखाद्या फाउंड्रीत फेटलिंगवर काम करणारा कामगार. ओतीव भागाच्या कडा ग्राइंडरने घासतोय. ठिणग्या दिसतात, वाळूची सगळ्यात बारीक धूळ दिसत नाही. कॉलरला, नाकापासून वीतभरावर, फिल्टरची कॅसेट आहे. तिथून नळी पाठीवरून खाली येऊन पंपात शिरते. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा लिटर हवा आत घेतो, कष्टाच्या कामात त्याच्या कितीतरी पट. हा पंप घेतो फक्त 1.7 लिटर, आणि तेवढ्यावरून त्या माणसाच्या फुप्फुसात काय उतरतंय ते आपण सांगणार.

इथे जरा थांबा. अंगावर बाळगायच्या अशा पंपाची कल्पना शेरवुड आणि ग्रीनहॅल्घ या दोघांनी इंग्लंडमध्ये 1960 साली मांडली. खोलीत एका जागी ठेवलेलं यंत्र त्या जागेची हवा सांगतं. माणूस मात्र धुळीच्या उगमावर वाकलेला असतो. पंप त्याच्याबरोबर हिंडतो, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे.

आता त्या नळीला, पंपाशी जोडलेल्या टोकापाशी, एक बारीक चीर पडली आहे असं समजा. चिरलेल्या नळीने शहाळं प्यायला बसलात तर जोर लावूनही तोंडात निम्मी हवाच येते; तसंच इथे होतं. पंपाचं काम चालूच असतं. पडद्यावर 1.7 दिसतं, कारण आतला सेन्सर पंपातून गेलेली सगळी हवा मोजतो. ती फिल्टरमधून आली की चिरेतून, हे त्याला कळत नाही. प्रवाह आपोआप स्थिर राखणारे नवे पंप तर याबाबतीत जास्तच फसवे, असं माझं मत आहे. कुठे काही बिघडल्याची शंकाच येऊ देत नाहीत.

हे आकड्यांत सावकाश पाहा. आठ तास, म्हणजे 480 मिनिटं. 1.7 लिटरने 816 लिटर हवा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत फुप्फुसात खोल जाणाऱ्या धुळीसाठी सूत्र होतं: 10 भागिले, क्वार्ट्झच्या टक्केवारीत 2 मिळवून येणारी संख्या. धुळीत क्वार्ट्झ 8 टक्के असेल, तर मर्यादा घनमीटरला 1 मिलिग्रॅम. हवेत खरोखर 1.2 आहे. पण पाचवा हिस्सा हवा चिरेतून आली, म्हणून फिल्टरवर धूळ कमी बसली, आणि आपण भागाकार मात्र पूर्ण 816 लिटरने केला. उत्तर येतं 0.96. अहवालात लिहिलं जाईल, ‘मर्यादेच्या आत’.

यावर मन थोडा वेळ ठेवा. पाळी चालू असताना सुरू झालेली गळती बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकते, ‘सगळं ठीक आहे’ या बाजूला. सिलिकोसिस मात्र फुप्फुसातून परत जात नाही. (फिल्टरच्या पुढे जाडसर कण वेगळे काढणारा सायक्लोन लावलेला असेल तर गुंता थोडा वाढतो. त्यातून हवा कमी गेली की एरवी गाळले गेले असते असे जाडसर कणही फिल्टरवर येतात आणि वजनात भर घालतात. म्हणजे चूक अंशतः झाकली जाते, पण नमुना आता फुप्फुसात खोल जाणाऱ्या धुळीचा राहत नाही.)

आता पंप चालू करा. सायक्लोन काढा, कॅसेटच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि ऐका. जोड पक्के असतील तर आवाज जड होतो, घरघरतो, रोटामीटरची गोळी तळाला बसते, बरेच पंप चूक दाखवून थांबतात. काही सेकंद पुरे. उगाच ताणलं तर डायफ्रॅम शिणतो. आवाज बदललाच नाही, तर हवा दुसरीकडून येते आहे. मग पंपाच्या दिशेने एकेक जोड मागे या. कॅसेटच्या लगेच खाली नळी चिमटा. इथे पंप अडला, तर दोष कॅसेटमध्ये. नाही अडला, तर पंपाजवळ चिमटा. मग नळी काढून थेट पंपाच्या तोंडावर अंगठा. तरीही सुरळीत चालला, तर दोष पोटात आहे.

गॅसच्या सिलिंडरला लावतो तसा साबणाचा फेस इथे लावायचा मोह होईल, तो आवरा. ही ओढणारी बाजू आहे. बुडबुडा येणार नाही, पाणीच आत जाईल. नळीचा संशय असेल तर ती सोडवून एक टोक बंद करा, दुसऱ्यातून सिरिंजने हलकी हवा भरा आणि पाण्यात बुडवा.

नळीचं टोक पुष्कळदा कडक होऊन फाकलेलं असतं. ब्लेडने सेंटीमीटरभर सरळ कापा आणि पुन्हा बसवा. यापेक्षा स्वस्त दुरुस्ती नाही. कॅसेटचे भाग एकसारखे दाबून बसवा. सांध्यावर गुंडाळलेल्या पट्टीने सांधा हवाबंद होत नाही, दाबाने होतो.

पोट उघडण्याआधी पंपावरचं लेबल वाचा. स्फोटक वायूच्या जागी वापरायला प्रमाणित असेल, तर तो अधिकृत दुरुस्तीकडेच द्या. एरवी ओ-रिंग काढून उजेडात बोटांवर फिरवा. चपटी झाली असेल, काप गेला असेल तर बदला. डायफ्रॅम हलकेच ताणून दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसतो तो घडीजवळ, जिथे रबर दिवसभर दुमडतं. चिकटवू नका, नवा घाला. व्हॉल्व्हच्या पातळ पापुद्र्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी तो मिटत नाही, पुसून घ्या. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

मग पुन्हा अंगठा, पुन्हा कान. त्यानंतर कॅसेट जोडलेली ठेवून साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरवर प्रवाह मोजा.

आता ज्या पाळीत गळती सापडली त्या पाळीचा फिल्टर हातात घ्या. सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रवाहात पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर तो नमुना बाद करायचा असतो. अंदाजाने दुरुस्त करून वापरावा असं वाटेल. तसं करू नका. नोंदवहीत ‘बाद’ आणि कारण लिहा, आणि उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी त्या कामगाराला जाऊन भेटा. काल मोजलेलं धरता येणार नाही, गळती कुठे होती, आणि आज हा पट्टा पुन्हा बांधाल का, हे तिन्ही त्याला नीट सांगा.